छंद माझे, वहिवाट घरच्यांची

सॉफ्टवेअरवाल्याला छंद असावाच लागतो. कंपनीत रुजू झाल्या दिवशी नाव, गाव, आधीची कंपनी आणि मग छंद, या क्रमानं ओळख करून द्यायची शिस्त आहे. तिथे 'वाचन' असं सांगितलं तर लोक 'बिचारा' अशा नजरेनं बघतात. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा सुट्टीत किल्ले चढतो. त्याच्या पलीकडचा घरी पाव भाजतो आणि त्या पावाच्या आंबवणाचं त्यानं बारसंसुद्धा केलंय. समोर बसणारी पोरगी अंदमानला जाऊन समुद्राच्या तळाशी बसून येते. दिवसभर स्क्रीनकडे बघून हाताला काहीच लागत नाही, म्हणून हाताला लागेल असं काहीतरी हा वर्ग संध्याकाळी विकत घेतो. इथे 'विकत घेतो' हे महत्त्वाचं. आमच्या धंद्यात छंद जोपासण्याच्या आधी तो मागवला जातो.

मीही मागवले. पण माझी अडचण भूगोलाची. नोकरी आणि फ्लॅट खराडीत, घर शिरूर तालुक्यात घोड नदीच्या अंगाला आणि सासर दौंडला. नकाशावर या तिन्हींचा त्रिकोण होतो, आणि लग्न झाल्यापासून आमचा सगळा कौटुंबिक प्रवास त्या त्रिकोणाच्या आतच चाललाय. सहकाऱ्यांच्या व्हिएतनामच्या फोटोंना अंगठे द्यायचे आणि शनिवारी सकाळी नगर रस्त्याला लागून वाघोलीच्या कोंडीत उभं राहायचं. वाघोलीला वेळ मात्र भरपूर मिळतो. एका नव्या प्रोग्रॅमिंग भाषेचा निम्मा कोर्स मी तिथेच ऐकला.

फ्लॅटला माळा नसतो. बिल्डर ज्याला लॉफ्ट म्हणतो, त्यात आकाशकंदील आडवा ठेवला की तो भरतो. त्यामुळे छंदाचा नवेपणा ओसरला की खोकं गाडीच्या डिकीत जातं आणि शिरूरच्या घरी उतरतं. तिथे माळा चांगला प्रशस्त आहे. पण माझा एकही छंद त्या माळ्यापर्यंत पोचलेला नाही, कारण वाटेत दादा असतात.

दादा म्हणजे माझे वडील. कामाशिवाय पडून असलेली वस्तू त्यांना बघवत नाही. आमच्या भागात जमिनीचे अर्धे तंटे एकाच कारणानं होतात: सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि प्रत्यक्ष वहिवाट दुसऱ्याची. माझ्या छंदांचं तेच झालंय. बिलावर नाव माझं आहे, एवढाच काय तो माझा हक्क.

सायकलपासून सांगतो. पुण्यातल्या आयटीवाल्यांनी सायकली घेतल्या तेव्हा मीही घेतली. गिअरची, बारीक चाकांची, ॲल्युमिनियमची, एका बोटावर उचलली जाईल अशी. दादांनी तिच्याभोवती बैल विकत घेताना मारतात तशी चक्कर मारली. हँडल सीटपेक्षा खाली आहे हे बघून म्हणाले, "एवढं वाकायचं तर मग खुरपणी काय वाईट?" पुढच्या खेपेला गेलो तर सायकलीला मागं कॅरेज, बाजूला स्टँड आणि दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या अडकवायचे आकडे. फॅब्रिकेशनवाल्यानं ॲल्युमिनियमवर त्याचं वेल्डिंग धरणार नाही असं प्रामाणिकपणे सांगितलं होतं, म्हणून लोखंडी पट्ट्या वाकवून नटबोल्टानं आवळल्या होत्या. सायकल आता एका बोटावर उचलली जात नाही. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालून येते. गिअर त्यांनी एकदाच टाकलाय, मधला, आणि तो पडतच नाही म्हणून त्यांचं तिच्याबद्दल मत चांगलं आहे.

कॅमेऱ्याचा ट्रायपॉड कांद्याला गेला. उन्हाळी कांदा चाळीत भरायच्या आधी निवडावा लागतो. चिंगळी वेगळी, जोडकांदा वेगळा, डेंगळा वेगळा. दिवसा ऊन असतं, म्हणून हे काम रात्री बल्ब लावून चालतं. बल्ब आजवर बांबूला बांधत. तो बायकांच्या डोक्यामागं यायचा आणि ज्याच्या त्याच्या सावलीत ज्याचा त्याचा कांदा. ट्रायपॉडचं डोकं हवं तिकडं वळतं आणि वळवलं की तिथंच राहतं, हे दादांच्या ध्यानात आलं. रात्रीच्या आकाशगंगेचे फोटो काढताना जे कौशल्य लागतं, ते सगळं त्यांनी एका एलईडी बल्बासाठी पणाला लावलं. निवडायला आलेल्या मावशी मला म्हणाल्या, "लई चांगली तिपाई आणली बाबा. अजून एक मिळंल का?"

यात माझा एक छंद मात्र मार खाऊन परत आला, आणि तो थेट माझ्या व्यवसायातला होता. स्मार्ट होमचं खूळ आलं तेव्हा रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर, दोन रिले आणि बऱ्याच वायरी घेऊन मी फ्लॅटमधला दिवा मोबाईलवरून चालू-बंद होईल अशी सोय केली. शिरूरला ओसरीवर बसून दादांना दाखवलं: हे बघा, इथून बटण दाबलं, खराडीतला दिवा लागला. कॅमेऱ्यात लागलेला दिसतोय. दादांनी बघितलं, मान हलवली, खिशातनं साधा बटणांचा फोन काढला आणि एक नंबर लावला. स्पीकरवर एका बाईंनी गोड आवाजात सांगितलं की मोटर चालू झाली आहे. अर्धा किलोमीटरवरच्या विहिरीतली साडेसात हॉर्सपॉवरची मोटर. मग म्हणाले, "तुझ्या दिव्याला किती फेज लागत्यात?"

मोबाईल स्टार्टर हे यंत्र ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी: विहिरीवरच्या पेटीत एक सिमकार्ड असतं. फोन केला की मोटर चालू, पुन्हा केला की बंद. एखादा फेज गेला, व्होल्टेज पडलं किंवा विहिरीचं पाणी तुटून मोटर कोरडी फिरू लागली, तर ती स्वतःहून बंद होते आणि मालकाला फोन करून सांगते. आमच्या धंद्यात याला आयओटी म्हणतात आणि त्यावर परिषदा भरतात. दादांच्या पिढीनं ते कोपऱ्यावरच्या मोटर रिवायंडिंगवाल्याकडून घेतलं आणि भिंतीला खिळा मारून टांगलं. त्यामागं गरज होती. शेतीचा थ्री फेज पुरवठा ठरावीक तासच असतो आणि तो पाळीनं दिवसा-रात्री येतो. रात्रीची पाळी असली की थंडीत उठून बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं. त्यात आता बिबट्या. उसानं त्याला घर दिलं आणि शिरूर, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात त्यानं माणसं, लहान पोरंसुद्धा नेली आहेत. त्यावर विनोद करायची माझी हिंमत नाही. मोटर फोनवर चालू होते, पण दारं मोडायला रानात माणसालाच जावं लागतं. त्याचं ॲप अजून कुणी लिहिलेलं नाही, आणि दादा दर भेटीत त्याची आठवण करून देतात.

बिबट्याच्याच निमित्तानं ड्रोन आला. म्हणजे मागवला मी हौसेनं, कारण दिलं बिबट्याचं. अडीचशे ग्रॅमच्या आतला, त्याला पायलटचा परवाना लागत नाही. वेळ मात्र अशी साधली की विचारू नका. 2024 च्या पावसाळ्याच्या तोंडाला शिरूर, दौंड आणि आसपासच्या तालुक्यांत रात्री आकाशात ड्रोन फिरताना दिसतात अशी बोंब उठली. कुणाचे, कशाला, काही पत्ता नाही. चोर आधी वरून घरं हेरतात, असा सार्वत्रिक अंदाज. गावोगाव पोरांनी काठ्या घेऊन गस्त सुरू केली. रात्री कुणी आभाळाकडे बोट केलं की सगळी आळी गच्चीवर. साध्या चांदणीलासुद्धा लोकांनी शिव्या घातल्या. नेमक्या त्याच आठवड्यात कुरिअरवाला आमच्या ओसरीवर खोकं ठेवून गेला आणि खोक्यावर, शंकेला जागा नको म्हणून, चारही बाजूंनी ड्रोनचं चित्र.

दादांनी एक शब्द न बोलता खोकं ज्वारीच्या कणगीत घातलं आणि वरून दोन पायली ज्वारी ओतली. त्या रात्री गस्तीच्या पोरांना चहा आमच्याच घरी होता. मी पुण्याहून फोन केला, "दादा, पार्सल मिळालं का?" तर म्हणाले, "बियाणं मिळालं. पाऊस झाला की बघू."

पाऊस झाला, बोंब शमली, आणि सरपंचांना सांगून, भर दुपारी, चार माणसांसमक्ष आम्ही ते बियाणं उडवलं. ऊस तुटायच्या आधी वरून पाहणी करावी, बिबट्याची मादी पिलांसकट आत असेल तर तोडणीवाल्यांना सावध करता येईल, अशी माझी योजना. ऊसतोडीत पिलं सापडणं आमच्याकडे दर हंगामात होतं. वनखातं आणि जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट्या केंद्रातली माणसं त्यांची आईशी पुन्हा गाठ घालून देतात. ड्रोन भुणभुणत वर गेला. पडद्यावर हिरवागार, दाट, वाऱ्यावर डुलणारा ऊस दिसला. दादा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वरनं ऊस दिसतोय. ऊस मला खालनं बी दिसतोय."

आता ड्रोन पुतण्याकडे असतो. तालुक्यातल्या लग्नांत वरातीचं वरून शूटिंग करतो आणि एका सीझनला जे कमावतो ते ऐकून मला माझ्या वार्षिक पगारवाढीचा आकडा घरात सांगवत नाही.

त्रिकोणाचा तिसरा कोन दौंड. तिथलं वातावरणच निराळं. शिरूरला माणसाची ओळख किती एकर, पाणी कशाचं, यावरून होते; दौंडला कुठल्या खात्यात आणि किती वर्षं सर्व्हिस, यावरून. एकीकडे एसआरपीचे गट, दुसरीकडे रेल्वे, आणि मध्ये जो उरतो तो दुकानदार. माझे सासरे रेल्वेत गार्ड होते. शेवटच्या डब्यात, हातात हिरवा-लाल झेंडा, अख्खी हयात त्यांनी निघालेल्या गावाकडे बघत प्रवास केला. 2022 साली रेल्वेनं गार्ड या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर केलं. तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. बातमी वाचून मला म्हणाले, "जावईबापू, तुमच्याकडं बी सगळे मॅनेजरच ना? मग झेंडा कोण दाखवतं?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय.

त्यांचं आणि माझं खरं वाजतं ते वेळेवरून. आमच्या धंद्यात 'दोन दिवसांत होईल' हे वाक्य म्हणजे एक प्रकारची शुभेच्छा असते. सासरे विचारतात, "दोन दिवसांनी म्हणजे किती वाजता?" मी एकदा समजावून सांगितलं की सॉफ्टवेअरमध्ये काम लांबलं की तारीख पुढे घेतात, त्यात कुणाला गैर वाटत नाही. ते म्हणाले, "रेल्वेत बी लांबतं की. पण आमची माणसं फलाटावर उभी राहून बघत असतात. तुमची कुठं उभी असतात?"

मोठ्या बदलांबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मला दौंडनं शिकवलं. मनमाडकडची लाईन 1878 ची. पुण्याहून निघून नगर-मनमाडकडे जाणारी गाडी दौंडात शिरली की तिचं तोंड उलट्या दिशेला झालेलं असायचं. इंजिन सोडवायचं, दुसऱ्या टोकाला आणून जोडायचं, ब्रेकचा दाब तपासायचा, शेवटच्या डब्याची पाटी आणि गार्ड या टोकाकडून त्या टोकाला न्यायचा, की गाडी आली तशी उलटी निघायची. खिडकीशी बसून पुढं बघत आलेला प्रवासी आता मागं बघत जाणार, आणि त्याला त्याचं काही नाही. तो तोवर चहा पिऊन आलेला असतो. आम्ही एखादी चालू सिस्टीम अशी उलटी करायची म्हटलं तर आधी सहा महिने बैठका होतात, मग एका शनिवारी रात्री सगळे जागतात आणि रविवारी माफीचा मेल जातो. इथे ते दिवसातून कितीतरी वेळा, वडे विकणाऱ्यांच्या गर्दीत, व्हायचं. आता कॉर्ड लाईन झाली. पुणे-मनमाड मार्गावरच्या बऱ्याच गाड्या दौंडच्या मुख्य स्टेशनात न येता बाहेरूनच वळसा घालून जातात आणि कॉर्ड लाईनच्या वेगळ्या स्टेशनात थांबतात. वेळ वाचतो, हे सासऱ्यांना मान्य आहे. पण वाचलेल्या वेळाचं पुढं काय केलं, असं ते विचारतात.

बायको रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. शंटिंगचे धडाधड आवाज नसले तर तिला झोप लागत नाही. खराडीत फ्लॅट घेताना सगळे शांत परिसर बघत होते, तिनं विमानतळ किती लांब आहे ते विचारलं होतं.

तर अशा दोन्ही घरांना घेऊन भिगवणला फ्लेमिंगो बघायला जायचं ठरलं. पक्षीनिरीक्षण हा माझा त्या वर्षीचा छंद. दुर्बीण नुकतीच आली होती. सासऱ्यांनी जुन्या डायरीच्या पाठकोऱ्या पानावर वेळापत्रक करून फोटो पाठवला. शिरूर सुटणे 5.10. न्हावरे 5.40. पारगाव पूल, भीमा नदी, 6.05. चौफुला, पाटस, दौंड येणे 6.50, तांत्रिक थांबा दहा मिनिटं, चहा समाविष्ट. दादांचं वेळापत्रक त्याहून सुटसुटीत होतं: "निघू की. धारा काढल्या की निघू." म्हशीला डायरीतल्या वेळा माहीत नव्हत्या. तिनं पान्हा चोरला आणि गाडी शिरूरलाच लेट झाली.

त्यात मी इनामगावजवळ गाडी हळू केली. घोडच्या काठी साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांची वस्ती होती, डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 ते 1982 अशी वर्षानुवर्षं इथे खणून ती उजेडात आणली, घरं, कोठारं, रांजणातली दफनं, जव, एवढंच काय, पाण्यासाठी काढलेला पाटसुद्धा सापडला, हे मी लेकीला सांगत होतो. लेक मोबाईलमध्ये होती. दादा मात्र एकदम पुढे सरकले. "पाट? मग टेलच्याला पाणी मिळायचं का?" म्हटलं, तेवढं उत्खननात सापडलं नाही. "नसंलच मिळत," दादा समाधानानं म्हणाले. "म्हणून गाव उठलं असंल." उत्तरकाळात हवामान कोरडं होत गेलं आणि वस्ती मोडली, असं अभ्यासकांनी लिहिलंय, दादांनी ते न वाचता, गाडीत बसल्याबसल्या, टेलच्या शेतकऱ्याच्या बाजूनं निकाल दिला.

दौंडला सासरे फाटकात उभे होते. हातात डबा आणि मनगटावर घड्याळ. काही बोलले नाहीत. डायरी काढून 'येणे'च्या रकान्यात प्रत्यक्ष वेळ लिहिली, कारणाच्या रकान्यात 'म्हैस' लिहिलं आणि गाडीत बसले.

कुंभारगावला उजनीच्या फुगवट्यात होडीतून जावं लागतं. पाणी पसरट, सकाळचं धुकं, आणि लांब उथळात गुलाबी-पांढरी रांग. सगळे गप्प झाले, ही आमच्या घरात दुर्मीळ गोष्ट. मी माहिती सांगायला लागलो: चोच उलटी करून, पाणी गाळून ते अन्न वेचतात, आणि त्या अन्नातल्या रंगद्रव्यांमुळं पिसं गुलाबी होतात. आई म्हणाली, "एवढ्या लांबनं यायचं आन् इथं येऊन चिखलच खायचा?" सासऱ्यांनी थवा एका टोकापासून मोजायला घेतला आणि मधेच उडाला म्हणून नाराज झाले. दादांनी पक्ष्यांकडे एकदा बघितलं आणि होडीवाल्याकडे वळले. या पाण्याखाली जमीन कुणाची? पुनर्वसन कुठं झालं? काळी होती का? होडीवाल्याचे आजोबा बुडालेल्या गावातलेच निघाले. मग दोघांची जी गट्टी जमली ती उतरेपर्यंत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ कसं उघडं पडतं, चिलापीनं इथले मूळचे मासे कसे हटवले, उजनी भरली तरी काठावरच्याला पाणी उचलायला काय काय करावं लागतं, सगळं निघालं. फ्लेमिंगो बघायला आलेल्या होडीत फ्लेमिंगोंकडे शेवटी फक्त मी बघत होतो. आणि दुर्बीण सासऱ्यांकडे होती.

ती आजही त्यांच्याचकडे आहे. मागायची सोय नाही, जावयानं दिलेली वस्तू म्हणून त्यांनी गल्लीभर दाखवलीय. संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून ते लांबून जाणाऱ्या गाड्यांच्या इंजिनांवरचा नंबर आणि शेडचं नाव वाचतात आणि व्हॉट्सॲपवर कळवतात. मी मीटिंगमध्ये असतो, स्क्रीन सगळ्यांना दिसत असते, आणि कोपऱ्यात उगवतं: "डब्ल्यूएपी-7. गाझियाबाद शेड. धुतलेलं नाही."

सध्या मी टेलिस्कोप बघतोय. शनीची कडी घरच्या गच्चीवरून दिसतात म्हणे. अजून मागवलेला नाही, नुसता बायकोजवळ बोललो होतो. पण त्रिकोणात बातमी कॉर्ड लाईननं जाते. काल दादांचा फोन आला. आधी कांद्याचा भाव सांगितला, मग पावसाचं, मग सहज विचारल्यासारखं, "त्या नव्या नळीला स्टँड येतो का रं सोबत? येत असला तर चाळ भरायच्या आत मागव. आन् पाव्हण्यांनी इचारलंय, त्यातनं पाटसपर्यंत दिसंल का?"